नसलेल्या गोऱ्ह्याचा खुराक

कारहुणवीच्या दिवशी, म्हणजे जेठी पुनवेच्या आमच्या बैलपोळ्याला, ऐन मिरवणुकीच्या वक्ताला, माकणीच्या कल्याणप्पाचा गोऱ्हा मठातून टेम्पोत उभा राहून परत आला. बोटाएवढ्या शिंगांना हिंगूळ, गळ्यात झेंडूचा हार, पाठीवर झूल. अर्ध्या गावानं त्याला डोळ्यांनी पाहिलं, उरलेल्या अर्ध्यानं त्याचं शेण वेशीत तुडवलं. पण तो परत आलाच नाही, असं कल्याणप्पाच्या बायकोनं, पार्वतम्मानं, टेम्पोतून उतरता उतरता जाहीर केलं. त्या घरात पार्वतम्माचा शब्द चालतो. तेव्हा आपणही गोऱ्हा अजून कुठं गेला नाही, आणि परत तर मुळीच आला नाही, असं धरून सुरुवातीपासून चालू.

सुरुवात आमच्या लिंगायतांच्या मठातल्या बैठकीपासून. मठाचा जुना बसव, देवाचा म्हणून पाळलेला बैल, म्हातारा होऊन गेला होता. पालखीपुढं चालायला बसव नाही, म्हणून चार गावची माणसं जमली. पुरुषमंडळी एकमेकांच्या टोप्यांकडं बघत बसली. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं पार्वतम्मा उठली आणि म्हणाली, आमची देवणी गाय गाभण आहे, खोंड झाला तर बसव आमच्या घरचा. कल्याणप्पाला ही गोष्ट तिथंच, बाकीच्यांबरोबर, कळली. त्यानं मान डोलावली. लग्न झाल्यापासून त्याला बऱ्याच गोष्टी अशा बाकीच्यांबरोबरच कळत आल्या होत्या.

गाय व्याली ती नेमकी येळवशीला, वेळ अमावास्येला. सगळं घर शेतात. कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडलेले, आंबिलाचं मडकं उघडलेलं, आणि कल्याणप्पा भज्जीच्या कालवणात बाजरीचा उंडा बुडवून पहिला घास तोंडाकडं नेतो तोच बांधावरून गाईनं हंबरडा फोडला. तो घास त्यानं नंतर कधी खाल्ला, हे त्याला आठवत नाही. खोंड झाला. अंगानं पांढरा, तोंड तेवढं काळं. पार्वतम्मा म्हणाली, बसवानं दिवस बघून जन्म घेतला.

दिवस बघितला, पण गाईची कास बघितली नाही. आठवड्यात कास दगडासारखी झाली. चार सडांपैकी एकातून दूध आणि तिनांतून पिवळं पाणी. डॉक्टर आले, सुया झाल्या, गाय वाचली, सडं गेली. गोऱ्हा एका सडाला लोंबकळायचा आणि ढुशा देऊन देऊन दमून खाली बसायचा. कल्याणप्पा पोटाखाली हात घालून त्याला उभा करायचा. ढिल्या नवारीच्या बाजेसारखे त्याचे चारी पाय चार दिशांना जायचे. सकाळी उन्हात उचलून ठेवायचं, ऊन फिरलं की उचलून सावलीत. ह्या उचलाउचलीत कल्याणप्पाची कंबर धरली आणि तोही गोऱ्ह्याशेजारी आडवा झाला. दोघांपैकी आधी कोण उठतंय, यावर शेजारच्या मथुराबाईनं तोंडदेखलं दुःख केलं.

उठवायचे प्रयत्न तिघांनी तीन बाजूंनी केले. कल्याणप्पा करडीच्या तेलानं गोऱ्ह्याच्या मांड्या चोळायचा. पार्वतम्मा सकाळ-संध्याकाळ मठाची विभूती त्याच्या कपाळाला लावायची. आणि सून शिवलीला. ती एक दिवस सासऱ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, "मामा, खुराकात जरा प्रोटीन टाकू का?"

"टाक की," कल्याणप्पा म्हणाला. प्रोटीन चांगलं असतं, हे त्यानं ऐकलं होतं. कशाचं असतं, हे विचारायचं असतं, हे ऐकलं नव्हतं.

गोऱ्हा उठला. आधी धडपडत, मग उड्या मारत, मग वाळत घातलेल्या लुगड्यासकट दोरी घेऊन अंगणभर. उन्हाळा सरेस्तोवर त्याची पाठ अशी भरली की पाणी टाकलं तर घरंगळू नये. तिघंही समाधानी होते. कल्याणप्पाला वाटायचं तेलानं उठला, पार्वतम्माला वाटायचं विभूतीनं उठला. शिवलीलाला काहीच वाटायचं नाही, कारण तिला माहीत होतं.

आता गोठ्यामागच्या पिंपांबद्दल. शिवलीलानं बचत गटातून एक प्रशिक्षण केलं होतं. एक काळी माशी असते, ती घरात येत नाही, चावत नाही, तिला तोंडच नसल्यासारखं असतं. तिच्या अळ्या सडक्या भाजीवर वाढवायच्या. मोठ्या झाल्या की त्या आपणहून पिंपातून वर चढून येतात. मग उकळत्या पाण्यातून काढून, वाळवून, भाजून त्यांचं पीठ करायचं. कोंबडीवाले घेऊन जातात. तिचा नवरा उत्तरेश्वर टेम्पोवर होता, तो लोहाऱ्याच्या बाजारातनं उरलेली वांगी-कोबी आणून पिंपात ओतायचा. घरात ह्याला 'शिवलीलाचं कोंबड्यांचं' म्हणत. पार्वतम्मा त्या बाजूला फिरकत नसे. कल्याणप्पा फिरके, पण बघत नसे. पिंपात अळ्या आहेत हे त्याला माहीत होतं. गोऱ्ह्याच्या पोटात प्रोटीन आहे हेही माहीत होतं. ह्या दोन गोष्टी एकाच अंगणात कैक महिने राहत होत्या, पण त्याच्या डोक्यात त्यांची कधी गाठ पडली नव्हती.

गाठ पडली मठात.

कारहुणवीच्या सकाळी गोऱ्ह्याला धुऊन, रंगवून टेम्पोत चढवला. पार्वतम्मा इरकल नेसून पुढं बसली. मठाच्या आवारात मंडप, पंगतीची तयारी, चार गावची माणसं. आमच्याकडं रीत अशी की जनावर दुसऱ्याच्या दावणीला द्यायचं तर त्याच्याबरोबर आठवडाभराचा खुराकही द्यायचा, आणि त्यात काय काय आहे ते चारचौघांत सांगायचं. नाहीतर दावण बदलली, दाणा बदलला, की जनावराचं पोट बिघडतं आणि दोष देणाऱ्याला लागतो. मुलीला सासरी पाठवताना तिला काय आवडतं हे कुणी सांगत नाही, पण बैलाचं सांगतात.

खुराक सांगायला शिवलीला पुढं झाली. रोज तीच घालायची. तिला वाटलं, मठाची गोशाळा एवढी मोठी, एकदा पटलं तर कायमचं गिऱ्हाईक. ह्यात ज्वारीची भरड आहे, पेंड आहे, गूळ-मीठ आहे, असं तिनं सांगितलं. मग वेगळा आणलेला पत्र्याचा डबा उघडून वर धरला.

"आन् खरं काम ज्यानं केलं ते ह्यात हाय."

मठाचा कारभारी महारुद्र जवळ आला. त्यानं डब्यात नाक घातलं. "वास तर भाजल्या शेंगाचा यायलाय. काय हाय बाई हे?"

"अळ्या," शिवलीला म्हणाली. आणि प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं जीवनचक्रापासून सुरुवात केली. अंडी कशी घालते, अळी कितीदा कात टाकते, कोशात कधी जाते. तिचं बोलणं चांगलं होतं. प्रशिक्षणात तिला त्यासाठी टाळ्याही मिळाल्या होत्या. इथं मिळाल्या नाहीत. महारुद्रनं नाक डब्यातून काढलं होतं, पण ते कुठं ठेवावं हे त्याला सुचत नव्हतं.

कल्याणप्पानं पार्वतम्माकडं पाहिलं. ती मंडपाच्या खांबाकडं बघत होती. खांब पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी.

मग बराच वेळ विचार झाला. कुणी म्हणालं, गवताबरोबर किडामुंगी पोटात जातेच. कुणी म्हणालं, ती जाते, ही घातली. कुणी म्हणालं, गोऱ्ह्याला काय ठाऊक. कुणी म्हणालं, पाया पडणाऱ्याला तर ठाऊक झालं ना आता. उत्तरेश्वरला बायकोची बाजू राखायची होती. तो टेम्पोच्या फाळक्यावर हात ठेवून म्हणाला, "अळी भाजीवरच वाढली की. वांगी न् कोबी खाऊन. म्हणजे भाजीच झाली."

"मग बकरंबी पाल्यावरच वाढतंय," महारुद्र म्हणाला.

गोऱ्हा रवंथ करत उभा होता. त्या दिवशी तो आवाजही सगळ्यांना जरा संशयास्पद वाटला.

स्वामीजी वयानं लहान होते, नुकतेच काशीहून शिकून आले होते. अळीबद्दल काशीत काही शिकवलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते गोऱ्ह्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले की ह्या जीवाचा काही दोष नाही, देणाऱ्याचाही नाही. दिवाळीपर्यंत ह्याला नुसत्या चाऱ्यावर ठेवा. दुसरं काही लागू देऊ नका. मग आणा, आम्ही ठेवून घेऊ. एवढं बोलून त्यांनी सगळ्यांना जेवून जायला सांगितलं. कल्याणप्पा जेवला. पार्वतम्मा पानावर बसली आणि पान तसंच झाकून उठली.

परतीला टेम्पो माकणीच्या वेशीत शिरला तेव्हा बैलांची मिरवणूक नेमकी तिथं आली होती. रंगवलेला, हार घातलेला, झूल पांघरलेला गोऱ्हा टेम्पोत उंचावर उभा. लोकांना वाटलं, मठानंच दर्शनाला पाठवला. हलगीवाल्यांनी टेम्पोपुढं ताल धरला. दोघातिघांनी फाळक्यातनं हात घालून गोऱ्ह्याच्या खुरांना स्पर्श केला. उत्तरेश्वरला गाडी पुढंही घेता येईना, मागंही. शेवटी मथुराबाईनं केबिनच्या खिडकीशी येऊन विचारलं, "पार्वतम्मा, बसव माघारी आला व्हय गं?"

पार्वतम्मा खाली उतरली. इरकलाची घडी नीट केली. "कुठला बसव?" ती म्हणाली. "आमचा बसव मठात हाय."

हलगी वाजतच राहिली.

आता आपण गोष्टीच्या सुरुवातीपाशी आलो आहोत, आणि इथून पुढं सगळं अवघड आहे.

पार्वतम्मा शब्दाची पक्की. तिच्या लेखी दावणीला दोन बैल, एक गाय, आणि गाईशेजारी एक मोकळा खुंटा. ती सकाळी शेणघाण करायची, बैलांचं उचलायची, गाईचं उचलायची, गोऱ्ह्याच्या शेणाला वळसा घालून जायची. जे जनावर नाही त्याचं शेण कसं उचलणार? ते कल्याणप्पा उचलायचा. एकदा गोऱ्ह्यानं तिचा पदर तोंडात धरला. ती खिळ्यात अडकल्यासारखी थांबली, पदर सोडवून घेतला आणि उत्तरेश्वरला म्हणाली, तिथला खिळा ठोकून टाक. गोऱ्हा ओरडला की म्हणायची, वारं मठाकडनं आहे. सोमवारी ती मठाच्या दिशेला तोंड करून नैवेद्य दाखवायची, तेव्हा गोऱ्हा तिच्या पाठीमागं उभा असायचा.

सुनेला ती एक अक्षर वाईट बोलली नाही. फक्त डब्याला हात लावायचा नाही, अशी शपथ घातली. शिवलीलानं पिंपांवर चवाळं टाकून दगड ठेवले. डबा गोठ्यातल्या फळीवर गेला. वेळेवर न काढलेल्या अळ्या आपल्या सवयीनं वर चढल्या, चवाळ्याखालून निघाल्या आणि रांगेनं भिंतीकडं चालू लागल्या. मथुराबाईच्या कोंबड्यांना ही बातमी तिच्याआधी कळली.

सोयाबीन टीचभर वर आलं आणि पावसानं ओढ दिली. कल्याणप्पा दिवसभर कोळपं धरायचा. कोळप्याच्या मुठीनं, रुमण्यानं, तळहाताला घट्टे पडलेले, मातीची फुफाटी नाकात, बैलांच्या मागं वाकून वाकून धरलेली कंबर. उतरता दिवस बघून बैल सोडायचे आणि धरणाच्या बाजूच्या बांधांवर विळा घेऊन बसायचं. नुसता चारा म्हटलं तरी तो कापावा लागतो. मुठीमुठीनं कोवळं गवत निवडून भारा बांधायचा, डोक्यावर घ्यायचा, घाम मानेवरून पाठीत. घरी येऊन गोऱ्ह्यापुढं टाकायचं. गोऱ्हा गवत हुंगायचा आणि रिकामं घमेलं चाटायचा. घमेल्याला आता काहीच चिकटलेलं नव्हतं. तरी चाटायचा. तो घर्र घर्र आवाज कल्याणप्पाला जेवताना ऐकू यायचा.

महिन्याभरात पाठ बसली. पोट सुटलं आणि बरगड्या वर आल्या, हात फिरवला तर कुडावरून फिरवल्यासारखं. केस उभे राहिले. गोऱ्हा उड्या मारायचा बंद झाला, मग ओरडायचाही कमी झाला. पार्वतम्मा म्हणाली, वारं पडलं वाटतं.

लसीकरणाला डॉक्टर आले तेव्हा घरात सगळेच होते. डॉक्टरनी बैलांना टोचलं, गाईला टोचलं, मग गोऱ्ह्याचा कान धरून त्यात पिवळा बिल्ला ठोकला आणि मोबाइल काढला. जनावर कुणाच्या नावावर, कुठं असतं, हे त्यांना भरायचं होतं.

"मठात असतंय," पार्वतम्मा म्हणाली.

डॉक्टरनी हातातल्या कानाकडं पाहिलं. "मग हा कान कुणाचा?"

"तुमच्या हातात हाय. तुमीच बघा."

डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी कान सोडला, गोऱ्ह्याच्या पापण्या उलट्या करून बघितल्या, कल्याणप्पाला बाजूला घेतलं. खुराक बंद केलात का, म्हणाले. ह्याला आईचं दूध पुरतं मिळालेलं नाही. ह्या वयात नुसत्या गवतावर धरलात तर पावसाळा काढणार नाही. काढला तरी असाच बुटका राहील. कल्याणप्पानं पेंड घालून बघू का, म्हणून विचारलं. पण पेंडही 'दुसरं काही'तच मोडते, हे त्याच्या तिथंच लक्षात आलं. मग त्याच्या मनात बरेच दिवस होतं ते त्यानं विचारून टाकलं.

"डॉक्टरसाहेब, हे शाकाहारी हाय का मांसाहारी?"

डॉक्टरनी मोबाइल वर-खाली सरकवून पाहिला. "असा रकाना नाही माझ्याकडं," ते म्हणाले. "ठिकाणाचा तेवढा आहे. ते लेखी कळवा, मग नोंद होईल." आणि फटफटीवरून गेले.

त्यानंतरचा सोमवार. सोमवार बसवण्णाचा, त्या दिवशी आमच्यात बैल जुंपत नाहीत. काम नसल्यामुळं कल्याणप्पाला विचार करायला वेळ मिळाला, आणि तेच वाईट झालं. चाऱ्यावर ठेवावा तर गोऱ्हा जातो. गोऱ्हा गेला तर दिवाळीला मठात काय न्यायचं? खुराक घालावा तर गोऱ्हा राहतो, पण मठ जातो, आणि मठ गेला तर पार्वतम्मा चार गावांत खोटी पडते. अशी बाई एकदा खोटी पडली की पुन्हा उभी राहत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. तो गोठ्यात गेला. गोऱ्हा बसला होता. त्याला बघून उठायला गेला, पुढचे गुडघे टेकले आणि तसाच राहिला.

कल्याणप्पानं शिवलीलाला हाक मारली. ती दारापर्यंत आली.

"आत्यानं मला शपथ घातलीया, मामा," ती म्हणाली. "तुमाला घातली न्हाय." आणि घरात गेली.

त्यानं फळीवरून डबा काढला, झाकण उघडलं. भाजल्या शेंगांचा वास. आता हात घालायचा. पण कुठला? डाव्या तळहातावर रोज गळ्यातलं लिंग घेऊन पूजा करायची. उजव्या हातानं जेवायचं. अळ्यांसाठी तिसरा हात कुठून आणायचा? त्यानं डावा पुढं केला, मागं घेतला. उजवा पुढं केला, मागं घेतला. खुरप्यानं काढावं तर खुरप्यानं उद्या आपलंच शेत खुरपायचं. तो डबा धरून उभा राहिला. ज्या दोन हातांनी डबा धरलाय ते कुठले, हे त्याला जरा उशिरा सुचलं, आणि मग तर काहीच सुचेना.

मागं पावलं वाजली. पार्वतम्मा पाण्याची घागर घेऊन आली होती. ती थांबली. कारहुणवीपासून पहिल्यांदा तिनं गोऱ्ह्याकडं सरळ पाहिलं. गुडघ्यांकडं, बरगड्यांकडं, कानातल्या पिवळ्या बिल्ल्याकडं. बघायला तिला बराच वेळ लागला. एवढ्या दिवसांचं साठलेलं होतं.

तिनं घागर खाली ठेवली. कल्याणप्पाच्या हातातून डबा घेतला आणि घमेल्यात उपडा केला. भरड टाकली, गुळाचा खडा फोडून टाकला, घागरीतलं पाणी ओतलं आणि बांगड्या मागं सारून मनगटापर्यंत हात घालून कालवायला बसली. आंबिलाचं पीठ कालवते तसं, एक गाठ राहू न देता.

"अगं," कल्याणप्पा म्हणाला, "दिवाळीपत्तूर चाऱ्यावर ठिवायचा हाय न्हवं?"

"मठातला बसव चाऱ्यावरच हाय," ती म्हणाली. "त्याला कायबी लागू द्यायचं न्हाय."

"मग हे?"

"हे कुणाचं हाय मला काय ठावं." तिनं घमेलं पुढं सरकवलं. "दारात उपाशी ओरडायलंय. आपल्या दारात कुणी उपाशी ऱ्हायलंय का कधी?"

गोऱ्ह्यानं तोंड घातलं ते डोळ्यांपर्यंत. पार्वतम्मा त्याच्या मानेवरचे उभे केस ओल्या हातानं खाली बसवत राहिली. मग उठली, हात धुतले, मठाच्या दिशेला तोंड करून नमस्कार केला आणि कल्याणप्पाला सांगितलं की संध्याकाळचाही करून ठेवा, ह्याला दोन वेळचा लागेल.

गोऱ्हा पंधरवड्यात उठला. मठातला बसव चाऱ्यावर आहे आणि दारातला खुराकावर आहे. घरात हे आता सगळ्यांना नीट समजलं आहे, एकट्या कल्याणप्पाला सोडून. बिल्ला मात्र एकच आहे. दिवाळीला मठाची माणसं बिल्ला बघतील, आणि डॉक्टरना ठिकाण लेखी कळवायचं राहिलं आहे. म्हणून कल्याणप्पानं उत्तरेश्वरला टेम्पोतून खाली उतरवून, समोर बसवून, हे सांगितलं आणि त्यानं लिहून घेतलं:

प्रति, मा. पशुधन विकास अधिकारी साहेब, यांचे सेवेशी.

विषय : एका गोऱ्ह्याची दोन ठिकाणी स्वतंत्र नोंद होणेबाबत.

महोदय, मी खालील सही करणार कल्याणप्पा, रा. माकणी, ता. लोहारा, अर्ज सादर करतो की, माझे मालकीचा एक गोऱ्हा (पांढरा, तोंड काळे) हा कारहुणवीपासून मठात असून तेथे केवळ चाऱ्यावर आहे. तसेच सदर गोऱ्हा हा त्याच तारखेपासून माझे गोठ्यात असून तेथे अळ्यांचे पिठासह खुराकावर आहे. दोन्ही बाबी माझे पत्नीस मान्य आहेत. दोन्ही गोऱ्ह्यांचा कान एकच असल्याने नोंदीस अडचण येत आहे. तरी मे. साहेबांनी समक्ष पाहणी करून, मठातील गोऱ्हा शाकाहारी असल्याचा व गोठ्यातील गोऱ्हा उपाशी नसल्याचा, असे दोन वेगवेगळे दाखले एकाच बिल्ल्यावर दिवाळीपूर्वी द्यावेत, आणि पाहणीचे वेळी दोघांची समोरासमोर गाठ पडणार नाही याची दक्षता घ्यावी, ही नम्र विनंती.